बादलीतले पाणी आणि बंदीचा बडगा

बंगळूरच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने मार्च २०२४ मध्ये एक आदेश काढला. मोटारी धुणे, बागांना पाणी घालणे, बांधकाम, कारंजी अशा कामांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास त्याद्वारे मनाई करण्यात आली. आदेश मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड आणि पुन्हा तेच केल्यास त्यावर दररोज पाचशे रुपये, अशी तरतूद होती. त्याच महिन्यात अवघ्या तीन दिवसांत २२ कुटुंबांकडून एक लाख दहा हजार रुपये वसूल झाल्याचे वृत्त देशभर गाजले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू होऊन शहराला दररोज ७७५ दशलक्ष लिटर वाढीव पाणी मिळण्याची सोय झाली. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये उन्हाळ्याची चाहूल लागताच तोच आदेश पुन्हा निघाला. दिल्लीत मे २०२४ च्या अखेरीस नळीने मोटार धुणाऱ्यांना दोन हजारांचा दंड करण्यासाठी दोनशे पथके नेमण्यात आली. अवर्षणाच्या वर्षी मोटारधुलाईवर बंदी घालणे हा आता महानगरांच्या कारभाराचा रिवाजच होऊ पाहत आहे.

बंदीमागची निकड खोटी नव्हती. बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, शेकडो मीटर उंच चढवून आणावे लागते. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेला आणि शहरातील सुमारे १३,९०० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे खुद्द उपमुख्यमंत्र्यांनी सांगितले. ज्या वस्तीत प्यायला टँकरची वाट पाहावी लागते, तिच्या शेजारच्या गल्लीत कुणी रबरी नळीने मोटारीला सचैल स्नान घालत असेल तर संताप होणारच. मोटार हे दाराशी उभे असलेले, सर्वांना दिसणारे चैनीचे चिन्ह आहे. जमिनीखालची फुटकी जलवाहिनी कुणाला दिसत नाही. देशातील बहुतेक महानगरांत चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाणी गळती, चोरी आणि मोजमापातील गोंधळात हरवते. त्यापुढे मोटारींवर पडणारे पाणी किरकोळ आहे. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशी टीका या बंदीवर झाली ती त्यामुळेच.

परंतु या टीकेतही एक आळस आहे. गळती मोठी आहे म्हणून नळी सोडून द्यावी, असे त्यातून सिद्ध होत नाही. घरगुती नळाला जोडलेल्या साध्या नळीतून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी सहज वाहते. मोटार भिजवणे, साबण लावणे आणि खळखळून धुणे यांत नळी दहा मिनिटे जरी चालू राहिली तरी शंभर ते दीडशे लिटर पाणी जाते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी दररोज १३५ लिटरचा निकष धरला जातो. मुंबई महापालिकेच्या निकषांत झोपडपट्टीतील रहिवाशाला तर ४५ लिटरच गृहीत धरलेले आहेत. म्हणजे एका मोटारीच्या एका आंघोळीत झोपडपट्टीतील दोन-तीन माणसांचा दिवसभराचा वाटा संपतो. प्रश्न आहे तो या वाट्याचा, आणि तो गळतीच्या आकडेवारीने पुसला जात नाही.

बंदीचा आदेश फसतो तो वेगळ्या ठिकाणी. आदेशाने ‘पिण्याचे पाणी’ आणि ‘मोटार धुणे’ या दोन शब्दांवर बोट ठेवले. किती पाणी, हे विचारलेच नाही. साहजिकच अर्धा तास नळी सोडणारा आणि पाच लिटरच्या बादलीत काम उरकणारा हे दोघे एकाच दंडास पात्र ठरले. उलट, नळाऐवजी टँकरचे पाणी घेतले की मनाला टोचणी उरत नाही. आणि हे टँकर बहुधा शहराच्या वेशीवरच्या खासगी कूपनलिकांवर, म्हणजे आटत चाललेल्या त्याच भूजलावर भरले जातात. पाण्याचे नाव बदलले, आड तोच राहिला.

पाच लिटरमध्ये मोटार स्वच्छ करणे ही अतिशयोक्ती नव्हे. न खळबळता मोटार धुण्याची पद्धत या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत चांगलीच रुजली. डेव्हिड गोदूसी या पॉलिमर रसायनतज्ज्ञाच्या ‘ऑप्टिमम नो रिन्स’ या द्रावणाचा त्यात मोठा वाटा होता. नेहमीच्या शाम्पूचा फेस मळ सुटा करतो, पण तो वाहून न्यायला भरपूर पाणी लागते; फेस वाळला तर रंगावर डाग राहतात. न खळबळता वापरायच्या द्रावणातील पॉलिमर धुळीच्या कणाभोवती आवरण धरतात, त्याला रंगापासून अलग उचलतात आणि फडके फिरताना मध्ये घसरण ठेवतात. मागे राहणारा अंश इतका अल्प असतो की तो कोरड्या फडक्याने पुसून निघतो. प्रमाण एकास २५६ असे सांगितले जाते; म्हणजे चार लिटर पाण्याला सुमारे १५ मिलिलिटर, फार तर एक मोठा चमचा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत तीसेक धुलाया होतात.

द्रावणापेक्षा हाताची शिस्त मात्र महत्त्वाची. गाडी सावलीत आणि बोनेट थंड असताना काम सुरू करायचे. फवाऱ्याच्या बाटलीतून तेच द्रावण आधी एका भागावर शिंपडून मिनिटभर मुरू द्यायचे. मग बादलीत बुडवलेले मायक्रोफायबरचे मऊ फडके जोर न लावता एकाच दिशेने फिरवायचे. फडक्याची चौपदरी घडी केली की त्याच्या आठ बाजू मिळतात; प्रत्येक बाजू थोडीशीच वापरून उलटायची आणि आठही बाजू मळल्या की दुसरे फडके घ्यायचे. मळके फडके पुन्हा बादलीत घातले की सगळा डाव फसला. छतापासून सुरुवात करून खाली उतरत यायचे. चाकांची आणि दरवाजांच्या खालच्या पट्ट्याची पाळी सर्वांत शेवटी, तीही वेगळ्या फडक्याने. एक भाग पुसून कोरडा झाला की पुढचा. सरावलेल्या हाताला अर्धा-पाऊण तास लागतो. कूपनलिकेच्या जड पाण्याचे थेंब वाळून पांढरे ठिपके पडण्याची तक्रार आपल्याकडे सार्वत्रिक आहे. तीही कमी होते, कारण मोटारीवर थेंब वाळायला उरतच नाहीत.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि विक्रेते त्या क्वचितच सांगतात. मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. घाटरस्त्यावरून आलेली, चिखलाने माखलेली गाडी अशा रीतीने पुसणे म्हणजे त्या थरावर पॉलिशकागद घासण्यासारखे आहे. तिथे चिखल आधी पाण्याने सोडवावाच लागतो. बांधकामाच्या धुळीचा जाड थर बसला असेल तरीही तेच. त्यामुळे भर पावसाळ्यात कोकणातून परतलेल्या गाडीला ही पद्धत लागू पडत नाही. ती शहरात फिरणाऱ्या, आठवड्याभराची धूळ बसलेल्या गाडीसाठी आहे. आणि शहरातील बहुतेक मोटारी वर्षातले आठ-नऊ महिने याच अवस्थेत असतात.

मुंबईत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर आला. धरणांतला साठा खालावल्यामुळे महापालिकेने ३० मे २०२४ पासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात लागू केली. त्यासोबत नागरिकांना काटकसरीचे जे आवाहन करण्यात आले, त्यात नळीने गाडी धुण्याऐवजी ती ओल्या फडक्याने पुसावी, असा सल्ला होता. बंगळूरच्या दंडापेक्षा हा सल्ला शहाणा, पण अपुरा. कोरडी धूळ बसलेल्या गाडीवर साधे ओले फडके फिरवले की काय होते, हे प्रत्येक मोटारमालक उन्हात बोनेट पाहून जाणतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे ते बारीक गोल ओरखडे त्या फडक्याचीच देणगी असते. लाखो रुपयांच्या वस्तूवर ओरखडे पाडून घेण्याचा सल्ला कुणी मनापासून पाळत नाही. चार दिवस पाळला जातो, मग पहाटे, कुणी पाहत नसताना, नळी पुन्हा बाहेर येते.

शिवाय हे फडके मालकाच्या हातात नसतेच. मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांत मोटार पुसणारा माणूस वेगळा असतो. उजाडण्यापूर्वी तो येतो, एका बादलीत चार-पाच गाड्या उरकतो आणि महिनाअखेरीस दर गाडीमागे काही शे रुपये घेतो. पाण्याच्या हिशेबात पाहिले तर त्याच्याइतकी काटकसर कुणीच करत नाही. गाडीमागे दोन-तीन लिटरही तो खर्च करत नसेल. दोष आहे तो काळ्या पडलेल्या पाण्यात आणि चार गाड्यांची वाळू पोटात घेतलेल्या त्याच एका फडक्यात. नवी पद्धत खऱ्या अर्थाने रुजायची असेल तर ती याच माणसाच्या हातून रुजेल. पण गाडीमागे पाच-सहा स्वच्छ फडकी, ती रोज धुऊन वाळवण्याची सोय, द्रावणाची बाटली आणि पाच मिनिटांऐवजी अर्धा तास, एवढे सगळे सध्याच्या मेहनतान्यात बसत नाही. रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा नीट, असा बदल मालकांनी मान्य केला तरच हिशेब जुळतो. रोज पुसलेली गाडी म्हणजे नीट राखलेली गाडी, हा समज मात्र खोलवर मुरला आहे. पोळ्याला बैल नदीवर नेऊन धुणाऱ्या आणि दसऱ्याला मोटारीला झेंडूचा हार घालणाऱ्या समाजात वाहन धुण्यात निगेइतकीच मायाही मिसळलेली असते, हे आदेश काढणाऱ्यांनी विसरू नये.

इतर देशांनी हा पेच कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियाने जुलै २०१४ मध्ये तोटी बंद करण्याची सोय नसलेल्या नळीने मोटार धुण्यास मनाई केली आणि दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंड ठेवला. मोटार धुण्यास मात्र मनाई केली नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये २००७ च्या भीषण अवर्षणात बादलीने आरसे, दिवे, काचा पुसण्याइतकीच मोकळीक होती, कारण ती सुरक्षिततेची बाब. केपटाऊनने फेब्रुवारी २०१८ मध्ये माणशी ५० लिटरची मर्यादा आणली आणि नळाच्या पाण्याने गाड्या धुणे थांबवले. तिथे मर्यादेचा आकडा प्रत्येकाला पाठ होता. या नियमांत साधन, कारण किंवा परिमाण, काहीतरी मोजता येण्याजोगे होते.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२० मध्ये पर्यावरण (संरक्षण) कायद्याच्या आधारे पिण्यायोग्य भूजलाच्या अपव्ययाला मनाई केली, तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी शिक्षा ठळक मथळ्यांत झळकली. मोटार धुतल्याबद्दल पाच वर्षे तुरुंगात जावे लागेल, यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. पुढे जनविश्वास कायद्याने त्या कलमातील कैद रद्द झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिची जागा दहा हजार ते पंधरा लाख रुपयांच्या आर्थिक दंडाने घेतली. परंतु अपव्यय म्हणजे नेमके किती, हे तेव्हाही स्पष्ट नव्हते आणि आजही नाही. जिथे परिमाण नाही तिथे अंमलबजावणी शेजाऱ्याच्या तक्रारीवर आणि निरीक्षकाच्या मर्जीवर चालते.

सांडपाण्याचा मुद्दा तर या चर्चेत जवळजवळ येतच नाही. मुंबईत पावसाळी पाण्याची गटारे आणि मैलापाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. इमारतीच्या आवारात नळीने धुतलेल्या मोटारीचे साबण, तेल आणि ब्रेकची धूळ मिसळलेले पाणी बहुधा पहिल्या प्रकारच्या गटारात उतरते आणि प्रक्रियेविना खाडीकडे किंवा समुद्राकडे जाते. पुण्यात तेच ओढ्या-नाल्यांतून मुळा-मुठेला मिळते. न खळबळणाऱ्या पद्धतीत मळ बादलीत आणि फडक्यांत राहतो. ती बादली शौचालयात रिकामी केली की पाणी शुद्धीकरण केंद्राच्या वाटेला लागते. पालिकांच्या आवाहनांत या एका वाक्याला जागा मिळायला हरकत नव्हती.

प्रत्येक मोटारीला एका बादलीची मर्यादा, नळीला पूर्ण बंदी, व्यावसायिक धुलाई केंद्रांना प्रक्रिया केलेल्या पाण्याची सक्ती आणि सोसायट्यांनी मोटार पुसणाऱ्याला साहित्य पुरवण्याची जबाबदारी, असा नियम तपासायलाही सोपा जातो. नळी दिसते, बादली मोजता येते. असे नियम पाणी मुबलक असताना, शांतपणे करायचे असतात. मुंबईची दहा टक्के कपात जुलै २०२४ च्या अखेरीस, तलाव भरू लागताच, मागे घेण्यात आली. त्याबरोबर ओल्या फडक्याचे आवाहनही मागे पडले.