लिंक नाही, उद्या या

आपल्याकडे भिंतीवर पूर्वी सर्वांत जास्त आढळणारं वाक्य म्हणजे 'येथे थुंकू नये'. अलीकडे तो मान 'लिंक नाही' या वाक्यानं पटकावला आहे. फरक इतकाच, की पहिलं वाक्य कुणी पाळत नसे. हे मात्र पाळावंच लागतं. पेन्शनच्या दिवशी काठी टेकत आलेले आजोबा बँकेतली पाटी वाचतात, 'बरं' म्हणतात आणि पुन्हा रिक्षाचे पैसे देऊन घरी जातात. लिंक का नाही, हे विचारायचं नसतं. पाऊस का नाही, हे तरी आपण कुणाला विचारतो?

माझं म्हणणं, विचारावं. लिंक जाणं ही ईश्वरी इच्छा असेल. पण ती गेल्यावर दुसरी नसणं हा शुद्ध मानवी कंजूषपणा आहे.

यावरचा उपाय जुनाच आहे. शाखेत राउटर नावाची एक डबी असते. कुठलं पाकीट कुठल्या वाटेनं धाडायचं हे ठरवणारा तो टपालखात्यातला सॉर्टरच म्हणा. १९९० च्या दशकात शहाण्या माणसांनी या राउटरला मुख्य लाइनीखेरीज एक मॉडेम आणि एक साधा टेलिफोन जोडून दिला. मुख्य लाइन पडली की राउटर आपण होऊन फोन लावी, पलीकडचा राउटर तो उचली, परवलीचा शब्द विचारी आणि काम सुरू. वेग फार तर ५६ किलोबिट. त्यात सिनेमा दिसत नाही, कबूल. पण आजोबांचं पेन्शन हा काही सिनेमा नव्हे. चार आकड्यांचा मजकूर तो!

अर्थात या डबीला वळण लावणं म्हणजे लग्नातला मानपान सांभाळण्यासारखं होतं. सिस्कोच्या राउटरात प्रत्येक वाटेला एक आकडा असतो. आकडा जितका लहान, तितका मान मोठा. आपण हातानं लिहून दिलेल्या वाटेचा मान मुळात १, म्हणजे थेट नवरदेवाचा. ओएसपीएफ नावाच्या पद्धतीनं राउटरनं स्वतः शोधलेल्या वाटेचा ११०. तेव्हा फोनची वाट आठवणीनं २०० वर, मांडवाच्या टोकाशी बसवायची. नाहीतर मुख्य लाइन ठणठणीत असताना राउटर फोनकडेच धावे.

शिवाय फोन कोणत्या कामासाठी लावायचा, याची यादी द्यावी लागे. यादीतल्या मजकुराला अधिकृत नाव 'इंटरेस्टिंग ट्रॅफिक'. यादी चुकली, की ओएसपीएफवाले दोन राउटर दर १० सेकंदांनी एकमेकांना नुसतं 'हॅलो' म्हणत बसत आणि फोन खाली ठेवीतच नसत. माणसांत हा आजार प्रेमात पडल्यावर होतो. बिल दोन्हीकडे तिसराच भरतो. आणि मुख्य लाइन परत आली, तरी मिनिटभर दम धरायला शिकवावं लागे. रुसलेला जावई दाराशी दिसला म्हणून पंगत उठवू नये. तो पुन्हा रुसू शकतो.

हे सगळं जमून आलं, की प्रवेश करतात हिशेब तपासनीस. "ही टेलिफोन लाइन वर्षभरात एकदाही वापरलेली नाही. भाडं कशाला भरता?"

अहो, वापरावी लागली नाही हे भाग्य! या न्यायानं गावात आग लागली नाही म्हणून बंबवाल्यांचे पगार कापा आणि उन्हाळ्यात छत्री रद्दीत घाला. पण नाही. लाइन कापली जाते आणि तिच्या जागी येते एक स्वस्त राखीव लाइन. त्याच कंपनीची, त्याच खांबावरून, त्याच चरातून. मग एके दिवशी जेसीबी येतो आणि मुख्य व राखीव अशा दोघींना एकाच घासात गिळतो.

हे फक्त आपल्या गल्लीत घडतं असं नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ 'फ्लॅग' आणि 'सी-मी-वी ४' या दोन समुद्री केबली एकाच दिवशी तुटल्या. एक गेली तर दुसरी आहेच, या भरवशावर जग होतं. इजिप्तपासून भारतापर्यंत इंटरनेट कित्येक दिवस लंगडत होतं.

"पण काका, डायल-अप मेला हो! एओएलनंसुद्धा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केला. आता आम्ही सिमकार्ड लावतो," असं आमच्या ओळखीचा एक इंजिनिअर पोरगा सांगतो. लाव बाबा. मॉडेमला दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजलीही वाहू. पण त्यानं शिकवलेली अक्कल त्याच्याबरोबर जाळू नका. राखीव वाट मुख्य वाटेची सख्खी बहीण नसावी. कंपनी वेगळी, रस्ता वेगळा. तुझ्या सिमकार्डाच्या टॉवरची तार त्याच चरातून येते का, हे एकदा विचारून ये. पोरगा अजून विचारतोच आहे.

माझी मागणी लहान आहे. महिन्यातून एकदा, ऐन कामाच्या वेळी, मॅनेजरसाहेबांनी मुख्य तार स्वतःच्या हातानं उपटावी आणि घड्याळाकडे बघत बसावं. मिनिटाभरात काम सुरू झालं, तर राखीव लाइन आहे. नाही झालं, तर ती फक्त बिलात आहे. आणि हे जमणार नसेल, तर निदान पाटी तरी खरी लिहावी : 'लिंक एकच होती. दुसरीचं भाडं आम्ही वाचवलं आहे. उद्या या.'