डोंगराचे ताटही वाढा

वसाहतकाळातला स्वयंपाक पुन्हा ताटात येऊ लागला आहे. स्पॅनिश अमदानीतल्या फिलिपिनो पदार्थांना आजचे आचारी नवे रूप देत आहेत. मुंबईत २०१५ साली लोअर परळला ‘द बॉम्बे कॅन्टीन’ आणि २०१७ साली वांद्रे-कुर्ला संकुलात गोव्या-पोर्तुगालच्या वळणाचे ‘ओ पेड्रो’ सुरू झाले. जुन्या चवींचा असा अभ्यास व्हावा, त्यांना मान आणि चांगले दाम मिळावेत, याचा आम्हाला आनंद आहे. मात्र साम्राज्याचा इतिहास बंदरावर संपत नाही. तो घाट चढून नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलसारख्या गावांच्या चुलीपर्यंत गेला होता. तिथला स्वयंपाकही याच इतिहासाचा भाग आहे आणि त्याचा वाटा अजून वाढला गेलेला नाही.

आधी बंदराची गोष्ट. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५७१ साली स्पॅनिशांनी मनिला राजधानी केली. मेक्सिकोतले अकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, गलबते ये-जा करत राहिली. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या छत्राखाली होते. या समुद्री वाटांनी अमेरिका खंडातली पिके आशियात पसरली. मिरची, मका, काजू, पेरू, अननस, भुईमूग, बटाटा, टोमॅटो ही सारी बाहेरून आलेली. यांतली बरीचशी आज आपल्या परसात आहेत आणि त्यांना कोणी परके मानत नाही.

पीक जहाजातून येते, पण चव घडते ती चुलीपाशी. पोर्तुगीज घरात मांस मुरवायला वाइन आणि लसूण लागे. गोव्याच्या स्वयंपाकघराने वाइनच्या जागी माडाच्या सुरेचा व्हिनेगर घेतला, त्यात मिरची आणि गरम मसाला वाटला, आणि विंदालू जन्मले. पावाचे पीठही सुरेनेच फुगवले. फिलिपिन्समध्ये व्हिनेगरमध्ये शिजवण्याची रीत स्पॅनिश येण्याआधीपासून होती. स्पॅनिशांनी तिला आपल्याकडचे अडोबो हे नाव दिले. बाहेरचा पदार्थ स्थानिक हात कसा आपलासा करतात, हे फिलिपिनो अन्न-अभ्यासक डोरीन फर्नांडिस यांनी आयुष्यभर मांडले. राज्य करणाऱ्यांनी वस्तू आणल्या. त्यांतून पदार्थ घडवण्याची बुद्धी राज्य सोसणाऱ्यांची होती.

आपल्या उपवासाच्या ताटातही हेच दिसते. साबुदाण्याच्या खिचडीतली मिरची, शेंगदाणे आणि बटाटा ही तिन्ही मुळात अमेरिकेची. साबुदाणा पूर्वी आग्नेय आशियातून यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबली, तेव्हा तमिळनाडूत सेलमला टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला, आणि टॅपिओकाचा कंदही अमेरिकेचाच. एकादशीच्या सोवळ्यात मांडी घालून बसलेला हा पदार्थ वसाहतकाळाची देणगी आहे. त्याच ताटात त्याच्या शेजारी असते भगर, म्हणजे सडून टरफल काढलेली वरई. ही मात्र इथल्या मातीतली. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याच्या उतारांवर महादेव कोळी, कोकणा आणि वारली कुटुंबे नागलीबरोबर (म्हणजे नाचणीबरोबर) ती पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आली आहेत. हरसूल याच पट्ट्यात आहे.

इंग्रजी राज्य इथे कसे पोहोचले, ते दप्तरात नोंदलेले आहे. डिसेंबर १८५७ मध्ये तेव्हाच्या पेठ संस्थानातल्या या गावचा बाजार बंडवाल्यांनी लुटला आणि सरकारी कागद फाडले. उठाव मोडला गेला आणि त्याचा ठपका ठेवून पेठच्या भगवंतरावांना फाशी झाली. पुढे १८७८ चा वन कायदा आला. नागली-वरईची रोपे तयार करण्यासाठी शेतकरी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून वाफा भाजतो. याला राब म्हणतात. त्या फांद्या तोडण्यावर बंधने आली, म्हणजे बंधन थेट भाकरीवर आले. १८९२ साली घाटाखालच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर कायदा झाला. दारूचा महसूल वाचवण्यासाठी केलेल्या त्या कायद्याने, आदिवासी जी फुले वाळवून अडीअडचणीला खातात, तीच जवळ बाळगणे गुन्ह्याच्या कक्षेत नेले.

या कोंडीतही स्वयंपाक चालू राहिला. धान्य संपले की कडू कंद चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढायचा. शेवळांची खाज मारायला त्यांत काकडाची फळे घालायची. मोहाच्या बियांचे तेल काढायचे, नागलीची आंबील करायची, भाकरीसोबत उडदाचे किंवा कुळथाचे कालवण शिजवायचे. कोणता कंद किती वेळ पाण्यात ठेवायचा, कोणता पाला पहिल्या पावसानंतर किती दिवस कोवळा राहतो, हे ज्ञान चुकले तर जिवावर बेतते. ते जपले बायकांनी, आणि तेही लिहून न ठेवता. विंदालूला कल्पकतेचा मान मिळतो, तोच मान या कडू कंदाला मिळाला पाहिजे.

आज काय स्थिती आहे? २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरांत नागलीची बिस्किटे दिसू लागली. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, हे आता दुकानातल्या पाकिटांवरही छापले जाते. २०२४-२५ साठी केंद्राने नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,२९० रुपये ठरवला. वरईचे नाव मात्र हमीभावाच्या यादीतच नाही. तिचे टरफल टणक असते. गावात सडायची सोय नसली की शेतकरी दाणे तसेच विकतो आणि नफा पुढे गिरणीत व दुकानात राहतो. नाशिक जिल्ह्यालगतच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपल्याबद्दल २०२० च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली. बियाणे राखणाऱ्यांचा हा सन्मान मोठाच आहे. त्याच्या मागोमाग भावही यायला हवा.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वरईला हमीभावाच्या यादीत घ्या. हरसूलसारख्या बाजाराच्या गावी भगर सडण्याची यंत्रे बायकांच्या बचत गटांच्या हाती द्या. आश्रमशाळांच्या जेवणात नागलीची भाकरी नियमित ठेवा, म्हणजे मुलांना आपल्या घरच्या अन्नाची लाज वाटणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला गौण वनोपजाचा अधिकार कागदावरून जंगलात उतरवा. आणि ज्या रेस्टॉरंटांना वसाहतकाळ मांडायचा आहे, त्यांनी नागली, वरई, मोह आणि रानभाज्या थेट पिकवणाऱ्यांकडून घ्याव्यात, मेनूत गावाचे नाव छापावे आणि रीत सांगणाऱ्या बाईला तिच्या ज्ञानाचा मोबदला द्यावा. साम्राज्याने या डोंगरांकडून लाकूड घेतले, महसूल घेतला, हक्क घेतले. त्यांची चव घेताना तरी तो हिशेब उलटा झाला पाहिजे.