गावच्या मिस्त्रीला उघडता येईल अशीच गाडी घ्या

तोंडवलीहून तळाशीलकडे जाणारा रस्ता टोकाला जाऊन संपतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी. मासळी, बर्फ, नारळ, पाहुणे आणि वेळप्रसंगी आजारी माणूस, सर्वांची ने-आण याच रस्त्याने करावी लागते. येथे गाडी हे धंद्याचे हत्यार आहे, आणि हत्यार मोडले तर ते जवळपास दुरुस्त झाले पाहिजे, ही व्यापाऱ्याची पहिली अट असते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नव्या डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी वेगच घेईना. इंजिन धडधाकट, टाकी भरलेली. गावच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिले आणि कॉम्प्युटर लावल्याशिवाय काही कळणार नाही, असे सांगून हात टेकले. गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून शहरातील वर्कशॉपमध्ये न्यावी लागली. चार दिवसांनी निदान झाले: खाऱ्या हवेने एका सेन्सरच्या जोडणीला गंज चढला होता! तो गंज काढणे आमच्या मिस्त्रीला पाच मिनिटांचे काम होते. पण तो नेमका कोठे आहे हे त्याला कळण्याची सोय नव्हती. ते चार दिवस मासळी भाड्याच्या टेम्पोने गेली.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, आणि पुढील काही वर्षांत तिचे इंजिन लहान गावातील मिस्त्रींच्याही ओळखीचे झाले. कार्ब्युरेटरचे जेट फुंकून साफ करणे, पॉइंट घासून त्यांची गॅप बसवणे ही कामे गॅरेजमधील शिकाऊ मुलगा पाहता पाहता शिकत असे. प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडर यांचेही तसेच. मात्र त्या गाड्यांचा काळ संपला. मारुती ८०० आणि अँबेसेडर या दोन्हींचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

हा बदल उगाच झालेला नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात लागू झालेले बीएस-६ नियम सेन्सर व कॉम्प्युटरशिवाय पाळता येत नाहीत, आणि धूर कमी व्हावा हे आपल्या मुलांच्या छातीसाठी आवश्यकच आहे. नव्या मोटारींना एबीएस ब्रेक आणि चालकासाठी एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली. घाटात ज्याचा जीव एअरबॅगमुळे वाचला, त्याला जुनीच गाडी बरी होती असे कोणी सांगू नये. शिवाय खाऱ्या वाऱ्याने जुन्या गाडीचा पत्राही खातो, आणि १५ वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते. जुने ते सर्व सोने नव्हे.

तक्रार आहे ती दुरुस्तीला लावलेल्या कुलपाबद्दल. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, म्हणून ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे प्रकरण अपिलात गेले, पण मूळ प्रश्न सर्वांसमोर आला. केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. ग्राहकाने पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू कोणाकडून दुरुस्त करावी हे त्यालाच ठरवता आले पाहिजे. अन्यथा गावातील गॅरेज बंद पडेल, त्यावर पोट असणारी मुले मुंबईची वाट धरतील आणि आपण प्रत्येक दिव्यासाठी शहराकडे धाव घेत राहू.

म्हणून व्यापारी बंधूंना काही सूचना कराव्याशा वाटतात. गाडी पसंत करण्यापूर्वी आपल्या मिस्त्रीला सोबत न्या आणि यातील कोणते काम तू करू शकशील, हे त्याला विचारा. मोठा पडदा, बटणाने सरकणारी काच, आपोआप उघडणारे दार यांवर पैसा घालू नका. ब्रेक आणि एअरबॅग यांत मात्र काटकसर नको. फेऱ्या जवळच्या असतील तर नवे डिझेल घेताना दोनदा विचार करा. त्यातील काजळीची गाळणी साफ होण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगाने चालावी लागते. तोंडवली ते आचरा अशा फेऱ्यांत ते जमत नाही. घरी चांगली, तंदुरुस्त जुनी गाडी असेल तर केवळ शेजाऱ्याने नवी घेतली म्हणून ती विकून व्याजाचे हप्ते गळ्यात घेऊ नका.

मिस्त्री बंधूंनीही हात टेकून चालणार नाही. दोन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक स्कॅनर घ्यावा आणि एका मुलाला त्याचे शिक्षण द्यावे. सर्व कुलपे त्याने उघडणार नाहीत, पण गंजलेली जोडणी कोठे आहे एवढे नक्की कळेल. आमचे चार दिवस तेवढ्यानेच वाचले असते.