शंभर मीटरांचा वारसा

सिंदखेडराजात १२ जानेवारीला लाखोंची गर्दी लोटते. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात, जिजाऊंच्या जन्मस्थळी नेतेमंडळी माथा टेकतात, विकास आराखड्याची उजळणी होते आणि ताफे परततात. मागे उरतो तो गावकरी. घराची भिंत पडली तर आधी गवंडी शोधायचा की परवानगी, हा त्याचा प्रश्न असतो.

केंद्राचा १९५८ चा पुरातत्त्व कायदा स्मारकाकडून दोन गोष्टी मागतो : वय किमान १०० वर्षे हवे आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व हवे. वय मोजता येते. महत्त्व पटवून द्यावे लागते. सरकारी यंत्रणेने मोजता येणारे तेवढे उचलले. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद केले, पुढच्या २०० मीटरवर परवानगीची अट घातली. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. लोणारचे दैत्यसूदन मंदिर भरवस्तीत आहे. तिथे शंभर मीटर म्हणजे किती संसार, याचा विचार या फूटपट्टीत नाही.

तरीही ही बंदी निरर्थक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. जून २०२४ मध्ये सिंदखेडराजातच त्याचा पुरावा मिळाला. लखुजीरावांच्या समाधीच्या जतनाचे काम सुरू असताना पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाच्या पथकाला जमिनीत काही दगड दिसले. उकरत गेल्यावर मंदिराचा पाया लागला आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाली. समुद्रमंथनाचा प्रसंगही तिच्यावर कोरलेला. त्या जागी कुणी दुकानगाळ्यांचा पाया खोदला असता तर? पहिल्याच दिवशी जेसीबीने निकाल लावला असता. समाधीचे मोल समाधीच्या दगडांपुरते नसते, तिच्या आजूबाजूच्या मातीतही असते. शंभर मीटरचा खरा युक्तिवाद हाच आहे. पण गावकऱ्याच्या हाती नोटीस येते, युक्तिवाद येत नाही.

वास्तविक कायद्यातच तोड आहे. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करावेत, असे २०१० ची दुरुस्तीच सांगते. कुठे किती उंची चालेल, कुठे अजिबात नको, हे जागा पाहून ठरावे. दीड दशकानंतरही बहुतेक स्मारके त्याविना आहेत. सरसकट बंदीने सगळे वाचते, हाही भ्रमच. खुद्द केंद्रीय यादीतली १८ स्मारके, बरीचशी जागेवरच न सापडल्याने, २०२४ मध्ये यादीतून काढण्याची वेळ आली.

ऑस्ट्रेलियातल्या बुरा या तांब्याच्या खाणीच्या छोट्याशा गावी १९७९ मध्ये वारसातज्ज्ञांनी एक सनद स्वीकारली. तिचे सूत्र साधे : जागा का महत्त्वाची आहे हे आधी समजून घ्या, मग काय करायचे ते ठरवा. आपल्याकडे क्रम उलटा. सिंदखेडराजात राजवाडा, समाधी, नीलकंठेश्वर, पुतळा बारव, मोती तलाव हा एकाच जहागिरीच्या गावाचा पसारा आहे. बारवेला पाणी कुठून येत होते, तलावाचा वाड्याशी काय संबंध, हे उलगडल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. ते मोल मराठीत लिहून काढावे, ग्रामस्थांना बसवून लिहावे आणि मगच नकाशावर रेघ मारावी. आज एक खाते तलाव पाहते, दुसरे भिंती. लोणारच्या विवराचेही तेच : रामसर दर्जा २०२० मध्ये मिळाला, पण वन, पुरातत्त्व आणि महसूल आपापल्या फायली सांभाळून आहेत.

ज्या वाड्यांना, बारवांना कुठल्याच यादीत जागा नाही, त्यांच्याभोवती एक मीटरही राखीव नाही. मुंबईने १९९५ मध्ये नगररचना कायद्याच्या आधारे वारसा नियमावली केली. सुट्या इमारतींबरोबर अख्खे परिसर नोंदवले, श्रेणी ठरवल्या. तोच १९६६ चा कायदा मेहकर, देऊळगावराजा आणि लोणारलाही लागू आहे. अंतिम मंजुरी शासनाची असली तरी आपल्या हद्दीतल्या वास्तूंची पाहणी करून कच्ची यादी तयार करण्यापासून नगर परिषदांना कुणी अडवलेले नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा.