ऊद आधी, आयरिस नंतर

लग्नाला निघायची गडबड. दुबईहून भावाने आणलेली ऊदाची बाटली उघडून पदरावर चार-पाच फवारे मारले जातात, सवयीने वर चमेलीचे सेंटही लागते आणि गाडीत बसताच सासूबाई काच खाली करायला सांगतात. दोष बाटलीचा नसतो. दोन सुगंध एकावर एक लावण्याची रीत ठाऊक नसली, की महागडी भेट कपाटात मागे सरकते ती कायमचीच.

ऊद आपल्याला परका नाही. उदबत्तीच्या नावातच तो आहे. मात्र पूजेच्या दुकानात ऊद म्हणून मिळतो तो बहुधा लोबानासारखा डिंक असतो. अत्तरातला ऊद म्हणजे अगरूचे लाकूड. ही झाडे आपल्याकडे आसाम आणि आसपासच्या राज्यांत आहेत. निरोगी झाडाच्या लाकडाला फारसा वास नसतो. खोडाला इजा होऊन बुरशी शिरली, की झाड बचावासाठी गडद राळ तयार करते. लाकूड काळपट, जड होते आणि त्यातून तेल काढतात. या झाडांची तोड इतकी झाली, की १९९५पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. शुद्ध तेल म्हणूनच तोळ्याच्या हिशेबाने विकतात. पाच-सहाशे रुपयांच्या स्प्रेवर ऊद लिहिले असेल, तर आतला सुगंध प्रयोगशाळेतला आहे असे खुशाल समजावे. तो वाईट असतो असे नाही, पण त्यासाठी शुद्ध तेलाचे पैसे मोजू नयेत.

आयरिसची गंमत वेगळीच. त्याचा सुगंध फुलातून नव्हे, आल्यासारख्या दिसणाऱ्या कंदातून येतो. इटलीत फ्लॉरेन्सच्या आसपास हे कंद सोलून, वाळवून दोन-तीन वर्षे ठेवतात, तेव्हा कुठे वास उतरतो. तो थंड, कोरडा, तोंडाला लावायच्या जुन्या पावडरीची आठवण करून देणारा असतो. त्या पावडरींत हा कंद खरोखरच घालत असत. ऊदाच्या धुरकट उग्रपणावर असा पावडरी वास छान बसतो.

आखाती देशांत आधी कपड्यांना ऊदाची धुरी देतात, मग अंगाला अत्तर आणि सर्वांत शेवटी स्प्रे. भारी वास खाली, हलका वर, हे सूत्र तिथलेच. आंघोळीनंतर बिनवासाचे क्रीम लावावे, कारण कोरड्या त्वचेवर सुगंध टिकत नाही. मग ऊदाचा एकच थेंब कानामागे. दहा मिनिटे थांबून आयरिसचा एक फवारा, हातभर अंतरावरून. ऊद फारच उग्र वाटला, तर दोघांच्या मध्ये चंदनाचे अत्तर लावून पाहावे, दोघेही नरम पडतात. कनौजला अत्तरे तांब्याच्या भांड्यांतून चंदनाच्या तेलातच उतरवण्याची परंपरा आहे. आता चंदन महागल्याने पुष्कळदा दुसरे तेल वापरतात, तेव्हा घेताना विचारून घ्यावे. उकाड्यात मात्र ऊद बाजूला ठेवून वाळा लावलेलाच बरा. गुलाब ऊदाबरोबर शोभतो. चमेलीचे आणि त्याचे पटत नाही.

पैठणीवर अत्तर थेट लावू नये, तेलाचा डाग जाता जात नाही. मोत्यांचा सर सेंट वाळल्यावरच गळ्यात घालावा. नवे अत्तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. खाज सुटली किंवा लाली आली, तर ते अंगाला नको. घरात तान्हे बाळ किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर स्प्रे नकोच. कापसाचा छोटा फाया ब्लाउजच्या अस्तराआड ठेवला, तरी लावणाऱ्याची हौस भागते.

आणि पाव तासाने वास उडाला असे वाटेल, पण तो उडालेला नसतो. आपल्या नाकाला त्याची सवय झालेली असते, शेजारच्याला तो व्यवस्थित येत असतो. बाटलीकडे पुन्हा हात जाण्यापूर्वी घरात कोणाला तरी विचारावे. सासूबाईंना विचारले, तर उत्तर आडपडदा न ठेवता मिळेल.