गप्प बसणं आणि शांत बसणं



'तू गप्प बस' हे शब्द ऐकल्याशिवाय आपल्यातली कोणी मोठी झाली असेल असं वाटत नाही. लहानपणी आई म्हणते, मग भाऊ, मग नवरा, आणि म्हातारपणी मुलगासुद्धा. म्हणून आपल्या कामाची सुरुवातच मुळी बोलण्यापासून झाली. मथुरा प्रकरण आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नसणार. विरोध नाही, म्हणजे संमती. या निकालाविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. बाई बोलली नाही तर तिच्या न बोलण्याचा अर्थ दुसरेच लावतात, हा धडा आपण तिथं शिकलो.

त्यामुळे यंदाच्या शिबिरात 'रोज सकाळी अर्धा तास कोणीच काही बोलायचं नाही' असा प्रस्ताव आला, तेव्हा निम्म्या जणी उसळल्या. "घरी गप्पच असतो की! इथं बोलायला आलोय." एकीला त्यात बुवाबाजीचा वास आला. तिचंही चूक नव्हतं. मार खाणाऱ्या बाईला 'मन शांत ठेव, सगळं ठीक होईल' असं सांगणारे महाराज गल्लोगल्ली आहेत. असली शांती आपल्याला नकोच आहे.

पण त्याच चर्चेत आमच्या सल्लाकेंद्रातल्या एका कार्यकर्तीनं एक गोष्ट सांगितली, आणि सगळ्या थांबल्या.

गेल्या पावसाळ्यात एक बाई केंद्रात आली आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. आम्ही फॉर्म काढला. लग्नाला किती वर्षं, कशानं मारतो, मुलं किती, तक्रार करायची का? तिनं मोजकी उत्तरं दिली, शेवटच्या प्रश्नाला मान हलवली. आम्ही अर्ज लिहिला, तिनं सही केली. पोलिसांनी नवऱ्याला बोलावलं, तेव्हा ही त्याच्याच बाजूनं बोलली. आम्ही चिडलो. 'या बायका अशाच' हे वाक्य आमच्याही तोंडून निघालं, लपवत नाही. चार महिन्यांनी ती पुन्हा आली. म्हणाली, "ताई, त्या दिवशी मला नुसतं बसायचं होतं. काय करावं ते ठरत नव्हतं. घरी विचार करायला जागा नाही. तुम्ही विचारत गेलात, मी सांगत गेले."

तिनं मान हलवली आणि आम्ही होकार समजलो. मथुरा प्रकरणावर भाषणं देणाऱ्या आम्ही!

घरी जागा नाही, हे तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. आणि जागा असली तरी वेळ कुठून आणायचा? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते असं दिसलं. घरकाम करणारा पुरुष ९७. शिवाय बाई बसलेली दिसली तरी तिचा कान कुकरच्या शिट्टीकडे असतो, ते कोणत्याच पाहणीत येत नाही. गांधीजी दर सोमवारी मौन पाळत, लागेल ते चिठोऱ्यावर लिहून देत. आमच्यातली एक म्हणाली, "मी सोमवारी मौन धरलं तर कोणता डबा कोणाचा हेही चिठ्ठीवर लिहू का?"

तरीही बायका वेळ चोरतात. पहाटे हंडा नळाच्या रांगेत लावून पायरीवर बसायची पंधरा मिनिटं एकीची. दुसरी दुपारी देवळात जाते. "देवाशी माझं फारसं काही नाही, पण देवळात जाते म्हटलं की कोणी अडवत नाही." चोरून मिळणारी ही गोष्ट हक्काची का नाही, हा प्रश्न पगार आणि घराच्या मालकीइतकाच आपला आहे. आणि तो घरकामाच्या वाटणीशिवाय सुटणार नाही, मेणबत्ती लावून तर नाहीच.

शिबिरात अखेर तो अर्धा तास झाला. दोघी झोपल्या, त्यांना कोणी उठवलं नाही. एक रडली, तिला कोणी काही विचारलं नाही. नंतरच्या बैठकीत नेहमी बोलणाऱ्या जरा कमी बोलल्या, आणि तीन वर्षांत तोंड न उघडलेली एक जण बोलली. आमच्या कामाच्या पद्धतीवर तिची तक्रार होती. ती पुढच्या अंकात छापतो आहोत.

केंद्रातही एक बदल ठरला आहे. जिवाला धोका असेल, मूल घरात अडकलं असेल, तर क्षणभरही थांबायचं नाही. एरवी येणाऱ्या बाईला आधी मागच्या खोलीत बसू द्यायचं. सतरंजी, पाण्याचा तांब्या, दार लोटलेलं. ती स्वतः बाहेर येईपर्यंत फॉर्म काढायचा नाही.

अडचण एवढीच की मागची खोली या नियतकालिकाच्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरली आहे. येत्या रविवारी सकाळी ते हलवायचे आहेत. जमेल तिनं यावं. येताना जुनी सतरंजी असली तर आणावी.