बूट फाटला म्हणून अख्खा एक्सल कायले बदलता?

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. पण भानगड शेतातलीच आहे.

आपल्या हिवरा आश्रम भागात आता बऱ्याच दारात जुनी अल्टो, वॅगनआर नाहीतर स्विफ्ट उभी दिसते. ही गाडी कोणी डांबरीपुरती ठेवत नाही. पांदणीच्या चिखलातून नेतो, तुरीच्या खुटांवरून थेट गंजीपर्यंत घालतो. तिथंच घात होतो.

या गाड्यांची पुढची चाकं गाडी ओढतात. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जी दांडी जाते तो एक्सल. चाक वळलं, खड्ड्यात खालीवर झालं तरी फिरणं एकसारखं राहावं म्हणून दांडीच्या दोन्ही टोकाला सीव्ही जॉइंट असतो. चाकाकडच्या जॉइंटात बहुतेक ६ पोलादी गोळ्या असतात, ग्रीसमध्ये फिरणाऱ्या. ग्रीस आत आणि माती बाहेर ठेवायचं काम करतो घड्या-घड्यांचा एक रबरी बूट. त्याला खुट लागला, नाहीतर रबर जुनं होऊन तडकलं, की ग्रीस बाहेर उडतं आणि आपली काळी माती आत जाते. मग ते ग्रीस राहत नाही, पॉलिश पेपर होतो. गोळ्या घासतात आणि वळणावर कट-कट आवाज सुरू होतो.

काही जण म्हणतात, सर्व्हिसिंगला ग्रीस मारून घेतलं ना! अहो, ते जीप-अँबेसेडरच्या क्रॉसला चालायचं. १९८३ ला मारुती ८०० आली आणि पुढं ओढणारी गाडी हळूहळू गावोगाव पोचली. या जॉइंटला बाहेरून ग्रीस मारायला निपलच नसतो. बूट हीच त्याची राखण.

आता माझं भांडण. फाटका बूट दाखवला की कित्येक गॅरेजात एकच उत्तर, "बूट टाकून काही होत नाही काका, एक्सलच बदला." मलाही असंच सांगितलं. जॉइंट उघडला नाही, गाडी चालवून आवाज ऐकला नाही, नुसतं वाकून पाहिलं अन् हजारोंचा आकडा सांगितला. बूट शेकड्यात येतो, एक्सल हजारात. हा फरक कोणाच्या खिशातून जातो? सोयाबीन विकून आलेल्या पैशातूनच ना!

कृषी सहायक साहेब, तुम्हीपण वाचा, तुमचीही गाडी बांधावर येते. गुलाबी बोंडअळीसाठी तुम्हीच शिकवलं, कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री रोज ८ पतंग दिसले की मगच फवारणी. म्हणजे आधी पाहा, मग खर्च करा. न पाहता फवारणारा अडाणी ठरतो, तर न उघडता एक्सल बदलणारा शहाणा कसा?

मिस्त्रीची बाजूही खोटी नाही. एक्सल दोन्ही कामात खोलावा लागतो, पण बूट टाकायचा तर जॉइंट काढा, धुवा, पुसा, वेळ जातो. त्या वेळेची मजुरी पुरी द्या. मजुरीत पन्नास रुपयांसाठी घासाघीस केली तर तोही सोपी वाट धरणारच. आणि कट-कट आवाज येत असेल, उघडल्यावर गोळ्यांवर किंवा त्यांच्या खाचांत खड्डे दिसले, तर बूट टाकून उपयोग नाही हे खरंच. तेव्हाही आधी विचारा, नुसता बाहेरचा जॉइंट मिळतो का.

जॉइंट चांगला निघाला तर काम समोर उभं राहून करून घ्या. जॉइंट पूर्ण धुऊन कोरडा करा. जुन्या ग्रीसवर नवं चोपडू नका. ग्रीस सीव्ही जॉइंटचंच, काळं मॉलिब्डेनमवालं. बेअरिंगचं चालत नाही. दोन्ही क्लिपा नव्या. चाकाचा मोठा नट नवा, आणि कंपनीनं सांगितलेल्या मापानंच आवळलेला. गिअरबॉक्समधून ऑइल सांडलं असेल तर पातळी पाहून भरा.

सायकलची ट्यूब गुंडाळून वर तार बांधायची, हे मात्र बंद करा. बूट फिरतो आणि प्रत्येक वळणावर दबतो-ताणतो, तिथं ट्यूब टिकत नाही. आपल्या आज्यांच्या बंडीला वंगणाची नळी बांधलेली असायची. कोरडा आख किती खातो, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

तुरीच्या खुटांवरून गाडी नेली असेल तर संध्याकाळी गाडी सपाट जागी, बंद करून, हँडब्रेक ओढून उभी करा. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, चाकामागं बॅटरी मारा, मग दुसऱ्या बाजूला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. रिमच्या आतून काळं ग्रीस उडालेलं दिसलं, तर त्याच आठवड्यात बूट टाका. महिनाभर थांबलात तर मिस्त्री म्हणेल एक्सल, आणि तेव्हा तो खरं बोलत असेल.